अभिलेखपालांचे मुदत-कॅलेंडर: आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तारखा कशा नोंदवाव्यात आणि कशा गाठाव्यात

आंतरराष्ट्रीय संघटनेचा सभासद असलेल्या अभिलेखपालाला, म्हणजे जुनी कागदपत्रे जतन करणाऱ्याला, वर्षभरात ज्या तारखा सांभाळाव्या लागतात, त्यांत प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या तारखा थोड्याच असतात. बाकीच्या त्याआधीच्या काही महिन्यांत विखुरलेल्या असतात: गोषवारा पाठवण्याची, प्रवास अनुदानाच्या अर्जाची, सवलतीच्या शुल्काची, भाषणाची प्रत दुभाष्यांना देण्याची, वर्गणीची, निवडणुकीत उमेदवारी देण्याची. परिषद केव्हा आहे हे कुणी विसरत नाही, हुकतात त्या या मधल्या तारखा. म्हणून कॅलेंडर बनवताना कार्यक्रम हे शेवटचे टोक धरावे आणि तिथून मागे मागे यावे. पुढची माहिती स्वतःपुरते कॅलेंडर ठेवणाऱ्या सभासदासाठी आहे, तशीच सगळ्यांसाठी तारखांचे परिपत्रक काढणाऱ्या समन्वयकासाठीही.

आधी न हलणाऱ्या तारखा भरा

काही दिवस दरवर्षी ठरलेले असतात. ते एकदाच, दरवर्षी आपोआप येतील असे टाकून द्यावेत.

९ जून हा आंतरराष्ट्रीय अभिलेख दिन. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन आर्काइव्हज, म्हणजे आयसीए, या संस्थेची स्थापना युनेस्कोच्या पुढाकाराने ९ जून १९४८ रोजी झाली आणि २००८ पासून हा दिवस पाळला जातो. आता त्याला जोडून अभिलेख सप्ताहही असतो. २७ ऑक्टोबर हा जागतिक दृक्‌श्राव्य वारसा दिन. चलत्‌चित्रांच्या जतनाविषयीची शिफारस युनेस्कोने १९८० मध्ये याच तारखेला स्वीकारली होती. जागतिक डिजिटल जतन दिन नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी येतो. त्याची तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे कॅलेंडरमध्ये ‘दरवर्षी ५ नोव्हेंबर’ असे न टाकता ‘नोव्हेंबरचा पहिला गुरुवार’ हाच नियम निवडा. २०२६ मध्ये तो ५ तारखेला आहे, २०२७ मध्ये ४ तारखेला. १ जानेवारीही नोंदवावा: अनेक देशांत कॉपीराइटची मुदत वर्षअखेरीला संपते आणि काही अभिलेखागारे बंद ठेवलेली कागदपत्रे याच दिवशी खुली करतात. ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय अभिलेखागार मंत्रिमंडळाचे जुने कागद १ जानेवारीला खुले करते.

या दिवसांना अर्ज नसतो, म्हणून त्यांना मुदतही नाही असे वाटते. तसे नाही. ९ जूनला एखादा पत्रव्यवहार किंवा छायाचित्रसंच लोकांसमोर ठेवायचा असेल, तर देणगीदाराशी झालेला करार तपासणे, हक्कधारकाची परवानगी, हयात व्यक्तींची खासगी माहिती झाकणे, स्कॅनिंग आणि चित्रांखालच्या ओळी लिहिणे या सगळ्याला आठ आठवडे धरा. यांत परवानगीचे पत्र सर्वांत बेभरवशाचे. ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेले पाहिजे. मेमध्ये पाठवलेल्या पत्राला ९ जूनपूर्वी उत्तर आले तर ते नशीब.

हलणाऱ्या तारखांना गणित लावू नका

आयसीएच्या मोठ्या जागतिक परिषदेला काँग्रेस म्हणतात. ‘काँग्रेस चार वर्षांनी असते’ हे पाठ असलेले लोक पुढच्या काँग्रेसचे वर्ष बोटांवर मोजून लिहून मोकळे होतात. आयसीएची काँग्रेस २०१६ मध्ये सेऊलला झाली. पुढची अबू धाबीला २०२० मध्ये ठरली होती, ती महामारीमुळे पुढे जात जात ऑक्टोबर २०२३ मध्ये भरली. त्यानंतरची बार्सिलोनाला ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांनी. आयोजकांनी तारीख लेखी जाहीर केल्याशिवाय कॅलेंडरमध्ये पक्की नोंद करू नये. अंदाज हवाच असेल तर नोंदीच्या नावाआधी ‘अंदाजे’ लिहावे, वेगळा रंग द्यावा आणि ती नोंद परिपत्रकात घेऊ नये. परिपत्रकात आलेली अंदाजे तारीख दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी रजेच्या अर्जात गेलेली असते.

दोन पायऱ्यांच्या मुदती वेगळ्याच सांभाळाव्या लागतात. युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ या, जगातला दस्तऐवजी वारसा नोंदवणाऱ्या नोंदवहीचे उदाहरण घ्या. हा उपक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. नामांकनांची फेरी दोन वर्षांची असते आणि एका देशाला एका फेरीत दोनच नामांकने देता येतात. नामांकन त्या देशाच्या राष्ट्रीय आयोगामार्फत जाते. साहजिकच आधी देशातल्या देशात निवड होते. त्यामुळे पॅरिसची, म्हणजे युनेस्कोच्या मुख्यालयाची, तारीख तुमच्या कामाची नाही. देशातल्या समितीची तारीख तुमची, आणि ती कित्येक आठवडे आधी असते. कॅलेंडरमध्ये दोन्ही ठेवा, रिमाइंडर मात्र देशातल्या समितीच्या तारखेलाच लावा.

एक नोंद जवळून

परिपत्रकातली ओळ बहुतेकदा अशी असते:

वार्षिक परिषद, गोषवारा, ३१/३, मध्यरात्र.

सहा शब्दही नाहीत आणि चार घोटाळे आहेत. वर्ष नाही. मध्यरात्र ३१ तारीख सुरू होतानाची की संपतानाची, ते कळत नाही. कुठल्या शहराची मध्यरात्र, ते कळत नाही. आणि आकड्यांनी लिहिलेली तारीख: ३१/३ सुदैवाने एकाच तऱ्हेने वाचता येते, पण ३/४ असते तर कुणी ती ३ एप्रिल वाचली असती, तर कुणी ४ मार्च. महिना अक्षरांत लिहावा, किंवा आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हा क्रम कायम ठेवावा. वेळ चोवीस तासांची लिहावी आणि ‘मध्यरात्र’, ‘दुपारी बारा’ हे शब्द टाळावेत.

हीच नोंद नीट लिहिली तर, नमुन्यादाखल तारीख धरून, अशी होते:

काय: वार्षिक परिषद, शोधनिबंधाचा गोषवारा
मुदत: बुधवार, ३१ मार्च २०२७, २३:५९, पॅरिसची वेळ
यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ): ३१ मार्च २०२७, २१:५९
कोण पाठवू शकते: सर्व वर्गांचे सभासद, वर्गणी भरलेली हवी
काय लागते: ३०० शब्द, इंग्रजी किंवा फ्रेंच, १०० शब्दांचा परिचय, संस्थेचे संमतीपत्र
कसे: ऑनलाइन फॉर्म, ईमेलने चालत नाही
निकाल: मे महिन्याच्या अखेरीस
मूळ घोषणेची लिंक आणि ती तपासल्याची तारीख
नोंद करणाऱ्याची आद्याक्षरे

वार लिहिणे वायफळ वाटते, पण तारीख चुकली की वार जुळत नाही आणि चूक लगेच डोळ्यांत भरते. ‘तपासल्याची तारीख’ ही ओळ कुणीच ठेवत नाही, आणि सर्वांत उपयोगी तीच: तीन महिन्यांपूर्वी पाहिलेल्या घोषणेवर आज विसंबायचे की नाही, ते तिच्यावरून ठरते.

वेळेचा घोळ नेमका कुठे होतो

वरच्या नोंदीत यूटीसी २१:५९ का, २२:५९ का नाही? पॅरिस हिवाळ्यात यूटीसीच्या एक तास पुढे असते आणि उन्हाळ्यात दोन तास. युरोपातली घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात. २०२७ मध्ये तो रविवार २८ मार्चला आहे. घोषणा जानेवारीत आली, समन्वयकाने त्या दिवशीचा फरक धरून गणित केले, तर मुदत प्रत्यक्षात आहे त्याहून एक तास उशिराची लिहिली जाते. शेवटच्या तासात पाठवणारे सगळे बाहेर. त्याच क्षणी न्यूयॉर्कला ३१ मार्चचे १७:५९ वाजलेले असतात, नैरोबीत १ एप्रिलचे ००:५९, आणि फिजीतल्या सुव्हाला १ एप्रिलचे ०९:५९.

मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे धोक्याचे महिने. अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, म्हणजे युरोपच्या दोन-तीन आठवडे आधी, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, म्हणजे युरोपनंतर आठवड्याने. या मधल्या दिवसांत पॅरिस आणि न्यूयॉर्क यांतला नेहमीचा सहा तासांचा फरक पाचवर येतो. दक्षिण गोलार्धात सगळे उलटे, आणि अनेक देशांत घड्याळ बदलतच नाही. बार्सिलोनाची काँग्रेस २७ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाली. युरोपातली घड्याळे आदल्याच दिवशी, २६ तारखेला, एक तास मागे गेली होती. अशा आठवड्यात दुरून ऑनलाइन सत्राला बसणाऱ्याने आधीच्या आठवड्याच्या फरकावर विसंबले, तर तो एक तास लवकर येऊन रिकाम्या पडद्याकडे बघत राहतो. वसंतात हीच चूक एक तास उशीर करते, आणि तेव्हा सत्र निम्मे उरकलेले असते.

काही आयोजक ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ असे लिहितात. पृथ्वीवर कुठेही ती तारीख अजून शिल्लक असेल तोवर अर्ज चालेल, असा त्याचा अर्थ, आणि हिशेब यूटीसीच्या बारा तास मागचा. ३१ मार्चची अशी मुदत यूटीसीप्रमाणे १ एप्रिलला ११:५९ ला संपते. ही सर्वांत उदार पद्धत, पण ती घोषणेत लिहिलेली असेल तरच धरा. वेळेचा उल्लेखच नसेल तर आयोजकांच्या सचिवालयाच्या कामकाजाची वेळ धरून, त्यांच्याकडचे १७:०० ही मुदत समजा आणि ईमेलने विचारून घ्या.

फोनमध्ये घेताना

समन्वयक आयसीएस प्रकारची कॅलेंडर फाइल देत असेल तर ती घेण्याच्या दोन तऱ्हा असतात, आणि त्यांतला फरक माहीत नसल्यामुळे बरेच गैरसमज होतात. फाइल उतरवून आयात केली तर त्या दिवसापुरती प्रत मिळते. पुढे मुदत बदलली तरी तुमच्या फोनमध्ये जुनीच राहते. लिंक देऊन सबस्क्राइब केले तर बदल येत राहतात, पण लगेच नाही: काही कॅलेंडरे अशी लिंक दिवसातून एकदा-दोनदाच तपासतात. तेव्हा मुदत दोन दिवसांवर आली असताना झालेला बदल समन्वयकाने ईमेलनेही कळवलाच पाहिजे.

फाइल बनवणाऱ्याने तीन गोष्टी सांभाळाव्यात. वेळेसोबत टाइम झोन लिहिलेला असावा. नुसती ‘२३:५९’ अशी तरंगती वेळ दिली तर प्रत्येकाच्या फोनवर ती त्याच्या स्थानिक वेळेप्रमाणे दिसते आणि कुणालाच शंका येत नाही. तारीख बदलताना जुनी नोंद काढून नवी टाकू नये, तीच नोंद बदलावी, म्हणजे तिची यूआयडी ही ओळख कायम राहते. नाहीतर आयात करणाऱ्यांकडे जुनी-नवी दोन्ही दिसतात. आणि मुदत ‘दिवसभराचा कार्यक्रम’ म्हणून टाकू नये, कारण दिवसभराच्या नोंदीत वेळ उरतच नाही.

रिमाइंडर तीन पुरतात: अठ्ठावीस दिवस, सात दिवस आणि अठ्ठेचाळीस तास आधी. पहिला खरा कामाचा, कारण शिफारसपत्र, संमतीपत्र, परवानगी या दुसऱ्यांच्या हातातल्या गोष्टी तेव्हाच मागता येतात. सातव्या दिवशी फक्त स्वतःच्या हातातले काम उरलेले असावे.

मागे मागे मोजणे

परिषदेत निबंध वाचायचा असेल तर क्रम साधारण असा: गोषवारा, निकाल, नोंदणी, शुल्क, निमंत्रणपत्र, व्हिसा, भाषणाची प्रत, प्रवास. यांतली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. बहुतेक आयोजक शुल्क जमा झाल्याशिवाय व्हिसासाठीचे निमंत्रणपत्र देत नाहीत. सरकारी अभिलेखागारात काम करणाऱ्याला शुल्क भरण्याआधी वरिष्ठांची मंजुरी लागते, आणि मंजुरीसाठी निबंध स्वीकारल्याचे पत्र लागते. म्हणजे निकाल हातात पडला त्याच दिवशी मंजुरीची फाइल हलली पाहिजे. तिचा मसुदा निकालाआधीच तयार ठेवा.

शेंगेन देशात, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांत, जायचे असेल तर आकडे लक्षात ठेवा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकतात. पासपोर्ट परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने चालू असावा, गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. पंधरा दिवसांची किमान मर्यादा ही सोय नाही, ती कड आहे. भेटीची वेळ मिळायलाच काही ठिकाणी आठवडे जातात, तेव्हा दहा आठवडे हातात ठेवा. नोंदणीच्या फॉर्मवर नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने लिहा. परिचयपत्रावर छापायला निराळे रूप हवे असेल तर बहुतेक फॉर्मांत त्याला स्वतंत्र रकाना असतो. निमंत्रणपत्रातले नाव पासपोर्टाशी जुळले नाही की पत्र पुन्हा मागवावे लागते आणि आठवडा जातो.

अनुदानाच्या मुदतीत एक हमखास सापळा असतो: ती अनेकदा गोषवाऱ्याच्या निकालाआधीच संपते. ‘निबंध स्वीकारला गेला तर अर्ज करू’ म्हणणारा तिथेच बाद होतो. दोन्ही अर्ज एकदमच करा, अनुदानाच्या अर्जात ‘गोषवारा विचाराधीन’ असे लिहा. दुसरा सापळा शिफारसपत्राचा. अनेक ऑनलाइन पद्धतींत शिफारस करणाऱ्याला लिंक तुम्ही त्याचे नाव आणि ईमेल भरल्यावरच जाते. अर्ज अपुरा असला तरी ती नावे पहिल्याच दिवशी भरून टाका, आणि त्या व्यक्तीला आधी कळवा, कारण यंत्राकडून आलेली ती ईमेल थेट स्पॅममध्ये जाऊन बसते.

शुल्काच्या मुदतीत ‘भरले’ आणि ‘पोचले’ यांत फरक आहे. परदेशी बँक हस्तांतराला तीन ते पाच कामाचे दिवस लागतात. शिवाय मधल्या बँका आपले शुल्क त्याच रकमेतून कापू शकतात. २५० युरो पाठवले आणि २३२ पोचले तर नोंदणी अर्धवट राहते आणि सवलतीची तारीख उलटून जाते. पाठवताना सर्व खर्च पाठवणाऱ्याकडे हा पर्याय निवडा. संदर्भाच्या ओळीत नोंदणी क्रमांक लिहा, संस्थेचे नाव नको: एकाच अभिलेखागारातून चार जण जात असतील तर कुणाचे पैसे कुणाच्या नावावर जातील ते सांगता येत नाही. निबंध वाचणाऱ्यांना नोंदणीची वेगळी, आधीची तारीख असते. ती चुकली तर नाव कार्यक्रमपत्रिकेतून जाते, मग गोषवारा कितीही चांगला असो.

दुभाष्यांसाठी प्रत

आयसीएच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच, आणि मोठ्या परिषदांत यजमान देशाची भाषाही जोडली जाते. भाषांतर जागच्या जागी होते. दुभाषे जोडीने बसतात आणि साधारण अर्ध्या तासाने आलटून पालटून बोलतात. त्यांना आधी प्रत दिली नाही तर ‘मूळ क्रम’, ‘निर्माता संस्था’, ‘निंदणी’ अशा आपल्या धंद्यातल्या संज्ञांवर ते अडखळतात आणि श्रोत्यांना निबंधाचा सांगाडाच तेवढा मिळतो. निंदणी म्हणजे जतनयोग्य नसलेले कागद वेगळे काढून नष्ट करणे, पण शेतीतला अर्थ घेणारा दुभाषा तण उपटायला निघतो. दोन आठवडे आधी भाषण, स्लाइड्स आणि पंधरा-वीस संज्ञांची दोन भाषांतली यादी पाठवा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्दांपेक्षा वेगाने वाचू नका. पंधरा मिनिटांच्या निबंधाला दीड हजार शब्द पुष्कळ झाले.

पाठवण्याचा दिवस

मजकूर फॉर्ममध्ये थेट लिहू नये. मध्येच सेशन संपते आणि सगळे जाते. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून तिथून चिकटवावा, म्हणजे वर्ड प्रोसेसरची वळणदार अवतरणचिन्हे फॉर्ममध्ये गेल्यावर भलत्याच चिन्हांत बदलत नाहीत. मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची, ते पाहा. अक्षरांची असेल तर मोकळ्या जागाही मोजल्या जातात असे धरूनच लिहा. काही फॉर्म अक्षरांऐवजी बाइट मोजतात. तिथे फ्रेंच स्वरचिन्हे दोन बाइट खातात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन. तुमच्या मोजणीत बसणारे शीर्षक फॉर्म तोडतो ते यामुळे.

मुदतीच्या आदल्या दिवशी पाठवा. शेवटच्या तासाला सर्व्हर रेंगाळतो. पोचपावतीची ईमेल दहा मिनिटांत आली नाही तर पडद्यावरच्या ‘धन्यवाद’ संदेशाचे वेळेसह चित्र काढून ठेवा आणि सचिवालयाला कळवा. भरलेल्या फॉर्मची पीडीएफ प्रत घ्या, कारण अनेक फॉर्म एकदा पाठवले की पुन्हा बघायला मिळत नाहीत. फाइलच्या नावात आधी तारीख, मग परिषद, मग तुमचे आडनाव. दुसऱ्यांच्या कागदांना आयुष्यभर नीट नावे देणारी मंडळी स्वतःच्या अर्जाला ‘फायनल२ नवीन’ असे नाव देतात, हे रोजचेच दृश्य आहे.

मुदतवाढ होते, पुष्कळदा होते, पण तिच्या भरवशावर राहू नका. कमी गोषवारे आले तर मिळते, जास्त आले तर नाही. अनुदानाला आणि निवडणुकीच्या उमेदवारीला तर सहसा मिळतच नाही. मुदत वाढली तर समन्वयकाने जुनी तारीख पुसू नये: ‘मूळ मुदत’ आणि ‘वाढीव मुदत’ अशा दोन ओळी ठेवाव्यात.

वर्गणी आणि मतदान

आयसीएचे सभासद चार वर्गांत मोडतात: राष्ट्रीय अभिलेखागारे, व्यावसायिक संघटना, इतर संस्था आणि व्यक्ती. सर्वसाधारण सभेत कोणाला किती मत, हे वर्गावर ठरते. त्यामुळे परिपत्रकात मतदानाच्या तारखेशेजारी वर्ग लिहिलाच पाहिजे, नाहीतर ज्यांना त्या ठरावावर मत नाही तेही लॉगिनसाठी ईमेलवर ईमेल पाठवत बसतात. वर्गणी थकली की बहुतेक संघटनांत मतदान, सभासदांचे सवलतीचे शुल्क आणि अनुदान तिन्ही एकदम बंद होतात. म्हणून वर्गणीची नोंद कॅलेंडरमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यात टाका, संघटनेने दिलेली शेवटची तारीख नंतरची असली तरी. संस्थेच्या लेखा विभागातून बिल मंजूर व्हायला जो वेळ लागतो, तो कुठल्याच परिपत्रकात छापलेला नसतो.

परिपत्रक काढणाऱ्यासाठी

महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी काढा. पुढच्या सहा आठवड्यांतल्या मुदती वर, बाकीच्या खाली, आणि क्रम कार्यक्रमाच्या तारखेचा नको, मुदतीचा हवा. प्रत्येक नोंद पाठवण्याच्या दिवशी मूळ घोषणेशी ताडून पाहा. बदललेल्या नोंदीपुढे ‘बदल’ लिहा आणि काय बदलले ते सांगा. नुसते ‘सुधारित’ लिहिले तर वाचणाऱ्याला आधीचे परिपत्रक शोधावे लागते. वाचून उपयोग नसलेल्या नोंदी, म्हणजे फक्त एका प्रादेशिक शाखेसाठीच्या, वेगळ्या ठेवा.

मुदत उलटलेल्या नोंदी काढून टाकू नका, ‘बंद’ असा शिक्का मारून दुसऱ्या यादीत हलवा. घोषणा केव्हा आली, मुदत केव्हा होती, वाढली का, निकाल जाहीर केलेल्या तारखेला लागला का, आपल्यापैकी कितींनी अर्ज केला, हे पाच रकाने भरा. तीन फेऱ्यांच्या नोंदी जमल्या की कुठले आयोजक निकाल नेहमी उशिरा लावतात आणि कुणाकडे व्हिसासाठी दहा आठवड्यांऐवजी बारा धरायचे, हे त्याच यादीतून निघते.